‘येऊन राहिले’चा तर्जुमा

माझे थोरले काका कमलाकांत हातवळणे जन्मानं वऱ्हाडी, वाढले वऱ्हाडात, नोकरीही वऱ्हाडातच केली. तरी आयुष्याची ऐन उमेदीची सतरा वर्षं त्यांच्या तोंडून वऱ्हाडीचा एक शब्द निघाला नाही. आणि पुन्हा निघाला तो एकदम भर कोर्टात, जज्जसाहेबांसमोर. हे मला अनसूयाकाकूंनी सांगितलं. काकूंना ही हकीगत सांगायला फार आवडायचं. सांगता सांगता त्यांना हसू आवरायचं नाही, म्हणून दरवेळी मधला एखादा भाग सुटायचा आणि तो पुढच्या वेळी मिळायचा. मी सगळे तुकडे जोडून इथं लिहिते आहे.

काकांचा जन्म अकोल्याच्या जुन्या शहरातला, मोर्णेच्या काठचा. आमचे आजोबा मोरोपंत पुराण सांगत आणि चार घरची पूजाअर्चा करत. त्यांचं संस्कृत चोख होतं आणि मराठीही त्यांना तशीच चोख लागे. आजी गोदावरी मात्र बोलायची ती सरळ वऱ्हाडी. “कावून रे कमलाकांता, जेवून नाही राहिला?” असं तिनं विचारलं की आजोबा ओसरीवरून म्हणत, “का रे, जेवत का नाहीस, असं म्हणावं.” आजी म्हणायची, “थंडं होऊन राहिलं,” आणि वाढून मोकळी व्हायची. घरात त्यावरून कधी भांडण झालं नाही. ओसरीवर एक मराठी, चुलीपाशी दुसरी, आणि मुलं दोन्हीकडे आरामात जा-ये करत.

मॅट्रिक झाल्यावर आजोबांनी काकांना पुण्याला कॉलेजात पाठवलं. तिथल्या खानावळीत दुसऱ्याच दिवशी घडलं ते काकांना जन्मभर लागून राहिलं. पानं मांडली होती, खालून कुणी तरी हाक मारली, आणि काका जिन्यावरून ओरडले, “येऊन राहिलो, येऊन राहिलो.” म्हणजे येतोय. पंगतीतला एक जण शांतपणे म्हणाला, “येऊन राहायचं असेल तर बिछाना घेऊन या.” सगळी पंगत हसली. पुण्याच्या कानाला ‘येऊन राहणं’ म्हणजे येऊन मुक्काम ठोकणं. काकाही हसले. पण त्या दिवसापासून त्यांनी स्वतःच्या बोलण्यावर असा पहारा बसवला की दोन वर्षांनी परत आले तेव्हा आजी आजोबांना म्हणाली, “हा कोनाचा पोरगा घेऊन आले तुमी?”

आजी त्यानंतर चार वर्षांनी गेली. काकांनी तिच्या शेवटच्या दुखण्यातही तिच्याशी शुद्ध मराठीतच बोलणं चालू ठेवलं, आणि याची खंत त्यांनी काकूंपाशी एकदाच, अगदी थोड्या शब्दांत बोलून दाखवली होती.

त्या शुद्ध मराठीनंच त्यांना नोकरी मिळवून दिली. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं. राजधानी नागपूर, वरचे साहेब कुणी इंग्रज, कुणी जबलपूर-सागरकडचे हिंदी बोलणारे. वऱ्हाडात कोर्टाची भाषा मराठी, पण निकाल इंग्रजीत. खालच्या कोर्टात साक्षी मराठीत लिहायच्या, त्यावर अपील झालं की अमरावतीला त्यांचा इंग्रजी तर्जुमा करायचा, आणि तो वाचून जज्जांनी न्याय द्यायचा. हा तर्जुमा करणारे भाषांतरकार म्हणजे आमचे काका. अंबागेटच्या आत त्यांनी बिऱ्हाड केलं. लग्न वाईच्या मुलीशी झालं, त्या अनसूयाकाकू. आजोबाही अकोल्याहून त्यांच्याकडेच राहायला आले. काकांच्या घरात आता ओसरीवर आणि चुलीपाशी एकच मराठी होती.

चौतीस सालच्या हिवाळ्यात काकांच्या टेबलावर मैनाबाईंच्या अपिलाचे कागद आले.

मैनाबाई मोर्शीकडच्या एका खेड्यातल्या. तरुणपणी नवरा गेला, मागं अकरा एकर काळी जमीन राहिली. शेजारचं वावर चुलत दीर खुशालराव यांचं. एकोणीस साली मैनाबाईंनी विहीर खोदली, तेव्हापासून खुशालराव येऊन त्यांना वखरणीला, पेरणीला हातभार लावत. तेरा वर्षं सगळं गोडीगुलाबीनं चाललं. मग विहिरीच्या पाण्यावरून दोघांची बोलाचाली झाली. खुशालरावांनी रागाच्या भरात मैनाबाईंच्या वावरात झोपडी घातली आणि कुणाच्या तरी सल्ल्यानं म्हणू लागले की बारा वर्षांहून जास्त काळ ताबा माझा आहे, आता जमीनही माझी. मैनाबाई कोर्टात गेल्या आणि हरल्या. हरल्या त्या स्वतःच्याच साक्षीवर.

साक्षीतलं वाक्य असं लिहिलेलं होतं: “विहीर खोदली त्या सालापासून खुशालराव माझ्या शेतात येऊन राहिले आहेत.”

साक्ष लिहिणारा लेखनिक पुण्याकडचा, नुकताच बदलून आलेला. त्यानं बाईंच्या ‘माह्या वावरात’चं ‘माझ्या शेतात’ केलं, आणि ‘येऊन राहिले’ जसं ऐकलं तसं ठेवलं. त्यात त्याचा दोष काय म्हणावा? वाचून दाखवल्यावर बाईंनी “हाव” म्हणून अंगठा दिला. त्यांच्या मते त्या बरोबरच बोलल्या होत्या. खालच्या न्यायाधीशांनी निकालात लिहिलं की वादी स्वतःच कबूल करते, प्रतिवादी तेरा वर्षं शेतात वस्ती करून आहे.

काकांनी वाक्य वाचलं आणि टाक खाली ठेवला. खानावळीतली ती पंगत त्यांच्या डोळ्यांपुढं आली. ते कागदाकडे बघत बसले. अर्थ दोन होते, आणि दोन्ही त्यांना सारखेच स्पष्ट ऐकू येत होते.

त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी हातपायही धुतले नाहीत. सरळ स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. काकू भाकरी थापत होत्या. दूध घालणारी जमुना लोटा रिकामा होण्याची वाट बघत उंबऱ्यात टेकली होती.

“एक वाक्य सांगतो, त्याचा अर्थ सांग,” काका म्हणाले. “खुशालराव माझ्या शेतात येऊन राहिले आहेत.”

“राहिले आहेत म्हणजे राहायला आलेत,” काकू म्हणाल्या. “बिऱ्हाड केलंय. त्यात विचारायचं काय?”

काकांनी जमुनाकडे पाहिलं. “जमुना, तू काय समजलीस?”

जमुनाला वाटलं, आपली परीक्षा चालली आहे. ती सावधपणे म्हणाली, “येऊन राह्यले म्हंजे येऊन राह्यले. येतात. वावरात येतात, काम करतात.”

“राहतात कुठं?”

“आता ते मले काय ठावं? घरी रायत असतीन.”

काकूंनी तव्यावरची भाकरी तशीच ठेवली. “अगं, राहिलेत म्हणजे राहतात ना?”

“नाई बाई. आता तुमी भाकर करून राह्यल्या. म्हंजे काय भाकरीत रायता?”

काकू तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. भाकरी करपली. ओसरीवरून आजोबांनी विचारलं, काय चाललंय? काकांनी सगळं सांगितलं.  आजोबा म्हणाले, “व्याकरणानं पाहिलं तर अनसूयेचं बरोबर आहे.”

“आणि बाईंनी पाहिलं तर?” काकांनी विचारलं.

आजोबांनी समोरच्या पोथीचं पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी तर्जुमा केला. इंग्रजीत लिहिलं, “विहीर खोदली त्या सालापासून खुशालराव माझ्या शेतात येत-जात आहेत.” आणि खाली टीप दिली की हा अर्थ या जिल्ह्याच्या बोलण्याप्रमाणे आहे, पुस्तकी मराठीप्रमाणे ‘येऊन वस्ती केली’ असा अर्थ होईल, साक्षीदार या जिल्ह्यातली आहे.

शिरस्तेदारांनी कागद बघितला आणि काकांना बोलावलं. शिरस्तेदार म्हणजे कचेरीतले काकांचे वरिष्ठ, मोठे शिस्तीचे, कोटाची सगळी बटणं लावून बसणारे.

“हातवळणे, ही टीप कशाला?”

“अर्थ दोन होतात, साहेब.”

“कोर्टाची भाषा कोणती?”

“मराठी.”

“मग मराठीचा अर्थ लिहा. वऱ्हाडी कोर्टाची भाषा आहे असं कुठल्या हुकमात आहे? आज वऱ्हाडी आली, उद्या खानदेशी येईल, परवा झाडीपट्टीची येईल. नागपूरला आधीच हिंदीवाले म्हणतात, तुमची मराठी एक आहे तरी का? त्यांच्या हातात आपणच काठी द्यायची?”

काका म्हणाले, “वऱ्हाडी मराठीच आहे, साहेब.”

“मग अर्थ दोन कसे झाले?”

काकांनी टीप पुन्हा एकदा वाचली आणि कागद टेबलावर ठेवून ते उभे राहिले. शिरस्तेदार जरा नरमाईनं म्हणाले, “तुमची मराठी शुद्ध, म्हणून तुम्हाला या टेबलावर बसवलंय. टीप काढून टाका.”

“शुद्ध येते म्हणूनच फरक दिसतो, साहेब. मी टीप काढत नाही. आपण शेरा मारावा.”

एवढं बोलून काका बाहेर आले. शिरस्तेदारांनी खरंच समासात ‘टीप अनावश्यक’ असं लाल शाईनं लिहिलं आणि कागद वर पाठवला.

अपिलाची तारीख फेब्रुवारीत लागली. मैनाबाईंचे वकील बापूसाहेब मोठे कसलेले, पण तेही पुण्याला शिकलेले. त्यांच्या हाताशी सातबारा नव्हे, पण त्या काळचे सगळे शेतीचे कागद होते, सारा भरल्याचा पुरावा होता, बांधाचा नकाशा होता. या एका वाक्याचा मात्र त्यांनी धसका घेतला होता, आणि लाल शेऱ्याच्या टीपेवर त्यांचा भरवसा नव्हता. ते कसं टाळावं, याच विचारात ते उभे राहिले.

जज्जसाहेब जबलपूरचे. घरची बोली हिंदी. मराठीची खात्याची परीक्षा त्यांनी पुस्तकावरून दिलेली, त्यामुळे वाचता यायचं, बोलताना अडायचं. त्यांनी तर्जुमा वाचला, टीप वाचली, लाल शेरा वाचला. मग मूळ साक्ष मागवली आणि बोट ठेवून सावकाश वाचू लागले.

“येऊन... राहिले... आकर रहे,” ते स्वतःशी म्हणाले. मग थांबले. पुन्हा वाचलं. “आ... रहे. आ रहे हैं.” त्यांनी मान वर केली. “अरे भई, यह तो ‘आ रहे हैं’ हुआ. इसमें झगड़ा क्या है?”

 बापूसाहेबांनी हातातले कागद हळूच खाली ठेवले. पुण्यात शिकलेल्या चार वकिलांना जे उमजलं नव्हतं, ते जबलपूरच्या माणसाला पहिल्या वाचनात उमजलं होतं. वऱ्हाडच्या वरच्या अंगाला हिंदी बोलली जाते, खालच्या अंगाला मराठी, आणि क्रियापदांना प्रांताची सीमा कुणी दाखवलेली नसते.

खुशालरावांचे वकील लगेच उठले. “हुजूर, कोर्टाची भाषा मराठी आहे. हिंदीच्या नियमानं मराठी वाक्याचा अर्थ लावता येणार नाही.”

“ठीक है,” जज्जसाहेब म्हणाले. “तो हिंदी को छोड़िए. गवाह से ही पूछेंगे.”

मैनाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांना पुढं बोलावलं. प्रश्न विचारायचं काम काकांकडे आलं. जज्जसाहेबांनी सांगितलं, साधंच काही तरी विचारा, आज त्या इथं कशा आल्या ते विचारा.

काका आपल्या नेहमीच्या भाषेत म्हणाले, “बाई, आज आपण केव्हा आणि कशा आलात?”

मैनाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. “आपन? मी तं एकटीच आली.”

दोन-चार जण हसले. बाई गोंधळल्या, कठड्यावरचा हात त्यांनी मागं घेतला. काकू सांगायच्या, काकांना त्या क्षणी आजीचा चेहरा दिसला. पंचवीस वकील-कारकुनांसमोर, शिरस्तेदारांच्या देखत, काका बाईंकडे वळून म्हणाले, “तसं नाही, बाई. तुमी आज गावावून कवा आल्या? कशा आल्या? मले सांगा.”

बाईंचा चेहरा उजळला. “असं पुसा ना मंग. सकाळीच येऊन राह्यली होती मी. पन अर्ध्या रस्त्यात, नाल्यापाशी, मोटर बंद पडली. तितून पायीच आली.”

काकांनी जज्जसाहेबांकडे वळून शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं. जज्जसाहेबांनी खुशालरावांच्या वकिलांना विचारलं, “वकीलसाहेब, आपके व्याकरण से तो बाई सबेरे ही यहाँ आकर बस गईं. फिर नाले पर कौन थी?”

वकील कागद चाळू लागले. तेवढ्यात मागून खुशालराव स्वतःच उठले. पागोटं सावरत, हात जोडून. त्यांच्या वकिलांनी बाही धरली, ती त्यांनी सोडवून घेतली. खुशालराव मुळात वाईट माणूस नव्हते. रागाच्या भरात झोपडी घातली, लोकांनी वर चढवलं, आणि मग मागं कसं फिरावं हे त्यांना कळत नव्हतं. आता आपल्या भावजयीला परक्या माणसांत शब्दावरून अडवलेलं त्यांना पाहवेना.

“साहेब, मी सांगतो,” ते म्हणाले. “मी येऊन राह्यलो होतो. तेरा वर्सं येऊन राह्यलो. पन राह्यलो नाही. रायतो मी माह्या घरी.”

काकांनी याचा तर्जुमा करायला सुरुवात केली, पण त्यांनाच हसू फुटलं. जज्जसाहेबांनी हात वर केला. “रहने दीजिए. समझ गया.” आणि मग तेही हसले, आणि सगळं कोर्ट हसलं. मैनाबाई तेवढ्या गंभीर होत्या. त्यांनी दिराकडे पाहून म्हटलं, “हेच घरी बोलले असते, तं कायले आलो असतो इथलोक?”

अपील मंजूर झालं. निकालात जज्जसाहेबांनी दोन ओळी अशा लिहिल्या की साक्षीदाराच्या बोलीतल्या शब्दाचा अर्थ संशयाचा असेल तिथं मूळ शब्द जसाच्या तसा लिहावा, तो सुधारू नये. काकांचं नाव त्यात नव्हतं. पण त्या दिवशी दुपारी शिरस्तेदार चहाच्या वेळी काकांच्या टेबलापाशी आले. कोटाचं वरचं बटण उघडं होतं. खिडकीबाहेर बघत ते खालच्या आवाजात म्हणाले, “घरी आमी बी असंच बोलतो, हातवळणे.”

“मी तर आत्ता कुठं बोलू लागलो,” काका म्हणाले.

घरी बातमी काकांच्या आधी पोचली होती. जमुनानं सांगितली होती, आणि तिच्या सांगण्यात काकांनी जज्जाला वऱ्हाडी शिकवली इथपर्यंत मजल गेली होती. आजोबा मान खाली घालून जेवले. काकांना वाटलं, रागावलेत. ताक झाल्यावर आजोबा म्हणाले, “तुझी आई असती तर हट्ट धरून कोर्टात येऊन बसली असती.” मग हात पुसत, “तिच्या तोंडचे असे आणखी शब्द आहेत. कुणी लिहून घेईल का?”

अशी त्या वहीची सुरुवात झाली. काका कोर्टातून आले की आजोबा शब्द सांगत. आजीचे शब्द. ज्या शब्दांवर तीस वर्षं ओसरीवरून हरकत घेतली, ते सगळे त्यांना पाठ होते. धुरा म्हणजे बांध. पऱ्हाटी म्हणजे कपाशी. वावर, वखर, इळा म्हणजे विळा. प्रत्येक शब्दापुढं आजोबा त्याचं संस्कृत मूळ सांगायचे, मूळ सापडलं की मांडीवर थाप मारायचे. सापडलं नाही तर म्हणायचे, “असू दे, हा आपल्या मातीतला.” जुन्या शहरातले फारसी-उर्दू शब्द आले की तेही घ्यायचे. काकू हळूहळू ते शब्द वापरून बघू लागल्या. पहिल्यांदा त्या जमुनाला “दूध पातळ होऊन राहिलं” म्हणाल्या तेव्हा जमुनानं शब्द मान्य केला, तक्रार नाही.

वही आजोबांच्या मागं दहाएक वर्षं कपाटात होती. मग देश स्वतंत्र झाला. मध्यप्रांतात आणि वऱ्हाडात इंग्रजीच्या जागी हिंदी आणि मराठी आणायचं ठरू लागलं, आणि सरकारी कागदांसाठी शब्द हवे झाले. एकोणपन्नास साली अमरावतीत एक सभा भरली. शिक्षक, वकील, महसुलातले कारकून. काका तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होते. एक विद्वान गृहस्थ नवी यादी वाचत होते. सगळे शब्द लांबलचक, संस्कृतातून घडवलेले. ते म्हणाले की मराठी माणसांचा एक प्रांत व्हायचा तर भाषा एकच हवी, डागविरहित हवी, गावठी शब्द आले तर दुसरे लोक आपल्याला हसतील.

काका वही घेऊन उठले. त्यांना भाषण करता येत नसे.

“मी तीस वर्षं तर्जुमा केला,” ते म्हणाले. “हसतात ते खरं आहे. मला पुण्यात हसले होते. म्हणून मी सतरा वर्षं माझ्या आईची भाषा बोललो नाही. त्यामुळं मी जास्त मराठी झालो नाही, फक्त एकटा झालो. इंग्रजी जाते आहे हा आनंदाचा दिवस आहे. पण शेतकऱ्याला इंग्रजी कळत नव्हती आणि आपली मराठीही कळली नाही, तर त्याच्या दृष्टीनं काय बदललं?”

मग त्यांनी वही उघडली आणि शब्द वाचायला लागले. सुरुवातीला लोक सभ्यपणे ऐकत होते. ‘धुरा’ला एका वकिलांनी मान हलवली. ‘पऱ्हाटी’ला मागचा एक मास्तर म्हणाला, “आमच्याकडं पराटी म्हणतात.” दुसरा म्हणाला, “नाही, पऱ्हाटीच.” धारणीकडून आलेल्या फॉरेस्टच्या कारकुनानं कोरकू आदिवासींच्या तोंडचे दोन शब्द सांगितले आणि ते मराठीत कधीच येऊन बसलेत असं सिद्ध केलं. तासाभरात सभेची शिस्त पार मोडली. ज्यांनी घरची भाषा घरीच ठेवून कोट चढवला होता, ते सगळे आपापल्या आयांचे शब्द सांगत होते आणि एकमेकांच्या वर आवाज काढत होते. ते विद्वान गृहस्थही शेवटी हसून म्हणाले, “माझी आजी कारंज्याची. ती पायऱ्यांना पायटे म्हणायची.” काकांनी तेवढ्यात ‘पायटे’ वहीत लिहून घेतलं.

यादीत काकांचे सगळे शब्द गेले नाहीत. दोनशेच्या वर शब्दांतले चाळीसेक घेतले, तेही बहुतेक कंसात. ‘बांध (धुरा)’ असे. काका कंसावरही खूष होते. काकूंना म्हणाले, “दारात तरी उभे केले.”

त्या सभेला मोर्शीकडचे एक मास्तर आले होते. त्यांच्याकडून मैनाबाईंचा निरोप आला, संत्र्याचा बहार तोडीला आलाय, दोघंही या. विहिरीचं पाणी आता दोन्ही वावरांना जात होतं. निकालानंतर तीन वर्षांनी खुशालरावांनी स्वतः कलमं आणून भावजयीच्या जमिनीत लावली होती आणि झोपडीच्या लाकडांचा मांडव करून रोपांना सावली दिली होती.

काका-काकू पुढच्या रविवारी गेले. मैनाबाई थकल्या होत्या, पण बोलणं तसंच. खुशालरावांचे केस पांढरे झाले होते. त्यांनी काकांना हाताला धरून झाडांमधून फिरवलं आणि प्रत्येक ओळीत थांबून झाडांची नावं सांगितली, कारण त्यांनी झाडांना नावं ठेवली होती. एक झाड जज्जसाहेब होतं. त्याला फळ सगळ्यांत उशिरा येई, पण गोड येई. एक वाकडं झाड वकील होतं.

काकूंनी पदर खोचला आणि त्या शिडीवर चढल्या. वाईची मुलगी, आयुष्यात पहिल्यांदा झाडावरचं संत्रं कात्रीनं तोडत होती. खाली मैनाबाई टोपली धरून उभ्या होत्या आणि देठ किती ठेवायचा ते सांगत होत्या. काका खालून म्हणाले, “सांभाळून, पडशील.” काकूंनी एक संत्रं त्यांच्या दिशेनं टाकलं. ते त्यांनी झेललं, सोललं आणि अर्धं खुशालरावांना दिलं.